चाळीस फुटांवर सावली

लक्षद्वीपची तिकिटं झाली, रॉड आला, रीळ आलं,
गळाला बांधायच्या पिसांच्या खोट्या कोळंब्या आल्या,
मृदुला म्हणाली, माणसं पंचविसाव्या वाढदिवसाला दागिना आणतात.
राहिला होता फक्त वाटाड्या.
तीन नंबर होते. त्यांतले दोघे म्हणत,
बोनफिश पक्का, सर, फोटोसकट.
तिसरा फोनच उचलत नव्हता.

म्हणून रविवारी दिवाळे गावात गेलो, जेट्टीवर,
चांगा नाखवाकडे,
ज्याच्याकडून मी वीस वर्षं बोइटं घेतोय
आणि ज्याला भाव सोडून कधी काही विचारलं नाही.

तो जाळं तुणत होता. मी सगळं सांगितलं:
गुडघाभर पाणी, खाली पांढरी वाळू,
मासा असा की दिसतच नाही, दिसते त्याची सावली.
गाइड पुटपुटतो, दहाच्या काट्यावर, चाळीस फूट,
आणि आपण श्वास धरून तिकडे दोरी फेकायची.

सुई थांबली.
"तल दिसतो?"
दिसतो, म्हटलं.
साठ वर्षं हा माणूस पाण्यावर आहे.
"आमचे पान्याला डोले नायत," तो म्हणाला.
"मावरा बोटाला कलतं."

गाइड कसा निवडू, नाखवा?
"पाय बग त्याचं."
फोनवर पाय कसे दिसणार?
"मंग तिथी इचार.
मासा मिलंलच बोलला त त्याला सोर.
भांग हाय, पानी मेलंय, बोलला
त त्याचे मांगं जा."

मग उठला, म्हणाला, चल.
ओहोटी लागली होती. दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडत होता,
त्यावर निवट्या उड्या मारत होत्या,
मागे सीवूड्सच्या इमारती, त्यांतल्या एकीत अकराव्या मजल्यावर
आमचे कपडे वाळत घातलेले.
त्याने दोरी माझ्या बोटावर ठेवली. डोले मिट.
मिटले.
काहीतरी ओढलं. मासा! मी ओरडलो.
"पिशवी," तो म्हणाला. पिशवीच निघाली, दुधाची.
पुन्हा ओढलं. या वेळी मी शहाण्यासारखा म्हटलं, पिशवी.
"शिंगाला. हात नको लावू."
मिशा हलवत, काटा उभारून
तो होडीच्या तळाशी कुरकुरत राहिला.
तिसऱ्यांदा मी काहीच बोललो नाही.
तिसऱ्यांदा ओढलंही नाही काही.

संध्याकाळी फोन लावले.
पहिला म्हणाला, तिथी म्हणजे डेट ना सर? चौदा.
दुसरा हसला, आणि पाच टक्के सूट दिली.
तिसऱ्याने आज उचलला. आट्टकोया नाव.
मोडक्या हिंदीत विचारलं, चंद्र कितवा?
तो गप्प झाला. फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज,
चपला, दार,
मग बराच वेळ फक्त वारा
आणि दूर कुठेतरी पाणी खडकावर फुटत असलेलं.
परत आला तेव्हा धापा टाकत होता.
सतरावा, म्हणाला. अजून वर आला नाही, बघून आलो.
तुम्ही कधी येताय?
सांगितलं.
मग पाणी सुस्त असेल साहेब. मासा येईल न येईल.
आठ दिवसांनी जमेल?
तिकिटं परत होत नाहीत, म्हटलं.
मग या, म्हणाला. उभे राहू.

त्यालाच आगाऊ रक्कम पाठवली.
मृदुलाने विचारलं, नक्की मिळेल ना?
तिला नाही म्हणताना मला इतका आनंद
का झाला, कोण जाणे.

निघायच्या आदल्या दिवशी जेट्टीवर सांगायला गेलो.
होडीचे पैसे चांगाने तेव्हाही घेतले नव्हते.
"तितं पान्यात उबा ऱ्हायलास का," तो म्हणाला,
"एक डाव माजे वतीनं खाली बग."
मी मान हलवली.
मग त्याने बोइटांचा भाव सांगितला.
नेहमीपेक्षा वीस रुपये जास्त.